न दिसणाऱ्या वायूचं वजन



मागच्या भागात आपण बदलत्या पावसावर बोललो, तेव्हा कार्बन डायऑक्साइड हा शब्द पुन्हा पुन्हा आला. त्यावर सोनपेठ आणि गंगाखेडकडच्या गटांतून एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी आला. जो वायू डोळ्याला दिसत नाही, नाकाला कळत नाही, तो अमक्या कारखान्यानं इतके टन सोडला असं कोण सांगतं आणि कशावरून सांगतं? कापूस काट्यावर घालतात, हळद घालतात, हवा कुठल्या काट्यावर घालतात?

हा प्रश्न आता शाळेच्या पुस्तकापुरता राहिलेला नाही. आपल्याकडे काही गावांत नवी चूल देणारी माणसं सोबत कार्बनचे कागद आणतात. त्यावर बायांच्या सह्या, अंगठे घेतात. त्या कागदावरही किलो आणि टन असतात. ते आकडे कुठून येतात हे समजलं नाही तर सही कशावर करतोय हेच समजत नाही. म्हणून आज थोडं हिशेबाचं बोलू. गटाची वही ठेवणाऱ्या बाईला यात अवघड काही नाही.

आधी एक गोष्ट नीट करून घेऊ. कार्बन डायऑक्साइड म्हणजे धूर नव्हे. चुलीतून निघणारा काळा-पांढरा धूर म्हणजे न जळालेले बारीक कण आणि इतर वायू. डोळे त्यानं चुरचुरतात, छाती त्यानं भरते. कार्बन डायऑक्साइड त्याच्यासोबत निघतो पण दिसत नाही. आपण श्वास सोडतो त्यातही तो असतो. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपल्यावर माणसं दगावतात, तो तिसराच वायू, कार्बन मोनॉक्साइड. नावं सारखी वाटतात, काम निराळं. थंडीत शेगडी घेऊन दार लावून झोपू नका, हे या निमित्तानं पुन्हा सांगतो.

आता वजनाचं. भाकरीसाठी एक किलो पीठ घेतलं आणि मळलं, तर गोळा एक किलोपेक्षा जास्त भरतो, कारण त्यात पाणी आलं. जळणाचंही तसंच आहे. लाकडात, कोळशात, डिझेलमध्ये कार्बन असतो. तो जळतो तेव्हा हवेतला ऑक्सिजन त्याला येऊन चिकटतो. १२ किलो कार्बनला ३२ किलो ऑक्सिजन चिकटतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे जळलेल्या कार्बनच्या साडेतीन पटीहून जास्त वजनाचा वायू आकाशात जातो. एक लिटर डिझेल जाळलं की साधारण २.७ किलो वायू निघतो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, तो संपेपर्यंत सुमारे ४२ किलो वायू बाहेर पडलेला असतो. सिलिंडर रिकामा झाला की हलका होतो, पण त्यातलं वजन कुठं नाहीसं होत नाही, उलट वाढून हवेत जातं.

जळण किती लागलं आणि त्यात कार्बन किती होता हे कळलं की वायूचं वजन कागदावर काढता येतं. जगात बहुतेक ठिकाणी असंच काढतात. काटा हवेला लावत नाहीत, जळणाला लावतात.

आपल्या जवळचं उदाहरण परळीच्या थर्मलचं. परभणीहून गंगाखेडमार्गे परळीला रेल्वेनं गेलेल्या बायांना ते ठाऊक आहे. परळी बीड जिल्ह्यात, पण त्याचा आपल्याशी संबंध जुना. तिथं महानिर्मितीचे २५० मेगावॉटचे तीन संच आहेत. एक संच पूर्ण ताकदीनं एक तास चालला तर अडीच लाख युनिट वीज होते. कोळशावर एक युनिट वीज करायला ढोबळमानानं पाऊण किलोच्या आतबाहेर कोळसा लागतो आणि जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे एका संचातून तासाला अडीचशे टनांच्या आसपास. दहा टनी ट्रक धरले तर दर तासाला पंचवीस ट्रक. कोळशाच्या गाड्या येतात त्या सगळ्यांना दिसतात. हे ट्रक कुणालाच दिसत नाहीत.

इथं अडचण अशी की कोळसा काही एकसारखा नसतो. आपल्या देशातल्या कोळशात राख भरपूर, पस्तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत. एका खाणीचा माल बरा, दुसरीचा मातीसारखा. म्हणून वीज केंद्रात आलेल्या कोळशाचे नमुने घेऊन प्रयोगशाळेत तपासतात आणि त्यावरून हिशेब करतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरण देशातल्या वीज केंद्रांचा असा हिशेब दरवर्षी छापतं. कोळसा, पाणी, सूर्य, वारा, अणू सगळं मिळून आपल्याकडच्या एका युनिटमागे आता साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड येतो. महिन्याला ६० युनिट वापरणाऱ्या घराचे ४२ किलो झाले. एका सिलिंडरएवढेच.

चिमणीला यंत्र लावून थेट मोजता येत नाही का? येतं. अमेरिकेत मोठ्या वीज केंद्रांच्या चिमण्यांना अशी यंत्रं नव्वदच्या दशकापासून आहेत. आपल्याकडेही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१४ मध्ये मोठ्या प्रदूषणकारी उद्योगांना चोवीस तास मोजणारी यंत्रं बसवायला सांगितली. पण ती धुळीचे कण, सल्फर आणि नायट्रोजनचे वायू यांच्यासाठी. २०१५ च्या डिसेंबरमध्ये औष्णिक केंद्रांसाठी नवी बंधनं आली त्यातही कण, सल्फर, नायट्रोजन, पारा आणि पाणी आहे. कार्बन डायऑक्साइडला मर्यादा नाही. आमचं मत विचाराल तर कण आणि सल्फर आधी धरले ते बरोबरच होतं, कारण आसपासच्या गावांच्या छातीत तेच जातात. पण कार्बनचा आकडा त्यामुळे वहीतलाच राहिला.

वहीतला आकडा आणि पेटीतली रक्कम यांत फरक पडू शकतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. वही बरोबर लिहिलेली असते, बेरीज बरोबर असते, तरी पेटी उघडून मोजल्याशिवाय सभा पुढे जात नाही. कार्बनच्या बाबतीत पेटी उघडून मोजण्याचं एक मोठं काम सातासमुद्रापार झालं. ते सविस्तर सांगण्यासारखं आहे.

कॅनडा देशात अल्बर्टा नावाचा प्रांत आहे. तिथं अथाबास्का नदीच्या काठी, फोर्ट मॅकमरे या गावाभोवती, जमिनीखाली तेल आहे, पण आपण समजतो तसं पातळ नाही. वाळूच्या कणाकणाला डांबरासारखा घट्ट चिकट पदार्थ लागलेला आहे. त्याला तेलवाळू म्हणतात. जिथं ती वरच्या थरात आहे तिथं जंगल आणि माती काढून टाकतात, प्रचंड यंत्रांनी वाळू खणतात, गरम पाण्यानं धुतात आणि डांबर वेगळं करतात. एक पिंप तेलासाठी सुमारे दोन टन वाळू उपसावी लागते. जिथं ती खोल आहे तिथं जमिनीत वाफ सोडून डांबर पातळ करून वर ओढतात. पुढं त्या डांबराचं तेल करायला पुन्हा आच द्यावी लागते. म्हणजे तेल गाडीत जळायच्या आधीच ते काढण्यात ढीगभर जळण जातं. पाणी तापवायचं जळण, वाफेचं जळण, अवाढव्य ट्रकचं डिझेल. उसाचा गूळ करण्याआधी चुलवाणाला किती लागतं तो हिशेब करावा, तसं हे.

तिथल्या कंपन्या दरवर्षी सरकारला आपला आकडा देतात. किती गॅस जाळला, किती डिझेल, किती कोक, त्याला ठरलेल्या गुणकानं गुणायचं. ही पद्धत आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य आहे, चोरीची नाही. पण कॅनडा सरकारच्याच पर्यावरण खात्यातल्या शास्त्रज्ञांनी ठरवलं की एकदा हवेत जाऊन मोजून बघू. २०१३ च्या उन्हाळ्याअखेरीस त्यांनी यंत्रं बसवलेलं विमान त्या खाणींभोवती फिरवलं.

आता हे विमान मोजतं कसं, ते समजून घेऊ. आपल्या पाटाचं पाणी डोळ्यांसमोर आणा. जायकवाडीच्या चारीतून पाणी शेतात येतं. शेताच्या वरच्या बाजूला किती पाणी वाहतंय ते मोजलं, खालच्या बाजूला बाहेर पडताना किती वाहतंय ते मोजलं, आणि खालचं जास्त निघालं, तर मधे विहिरीचं किंवा झऱ्याचं पाणी मिसळलं असणार. किती मिसळलं ते वजाबाकीनं कळतं. नुसती पाण्याची खोली बघून भागत नाही, वेगही लागतो. उथळ पण जोरात वाहणारी चारी खोल पण संथ चारीपेक्षा जास्त पाणी नेते.

हवेतही असंच. वारा एका बाजूनं खाणीवर येतो, दुसऱ्या बाजूनं निघून जातो. विमान खाणीला वेढा घालतं. खाली एक फेरा, जरा वर दुसरा, आणखी वर तिसरा, कणगीला दोर गुंडाळावा तसे फेरे. प्रत्येक फेऱ्यात यंत्र हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजत राहतं, वाऱ्याचा वेग आणि दिशाही मोजतं. आत येणाऱ्या वाऱ्यात किती आणि बाहेर जाणाऱ्या वाऱ्यात किती, यांची वजाबाकी म्हणजे त्या खाणीनं त्या वेळात घातलेली भर. मग ट्रकचं, बॉयलरचं, कुठल्या नळीचं, कुणी विसरलेल्या जागेचं असं वेगळं विचारावं लागत नाही. जे निघालं ते सगळं पकडीत येतं.

हा अभ्यास २०१९ मध्ये छापून आला. चार मोठ्या उघड्या खाणींच्या बाबतीत हवेत मोजलेला आकडा कंपन्यांनी दिलेल्या आकड्यापेक्षा सरासरीनं ६४ टक्के जास्त निघाला. वहीत शंभर, पेटीत एकशे चौसष्ट. आपल्या पेटीत जास्त निघालं तर आपण खूश होऊ, इथं मात्र ते सगळ्यांच्या डोक्यावर चढलेलं कर्ज आहे.

कंपन्यांनी खोटं लिहिलं असं शास्त्रज्ञांनी म्हटलं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच की मान्य पद्धतीनं काढलेला आकडासुद्धा हवेशी ताडून बघितला पाहिजे. आणि विमानाच्या पद्धतीतही उणं आहे. ते वर्षभर उडत नाही, काही आठवड्यांतले काही तास उडतं. त्यावरून वर्षाचा आकडा काढायचा म्हणजे पुन्हा अंदाज आला. एका दिवसाच्या दुधावरून म्हशीचं वर्षाचं दूध सांगावं, तसा धोका त्यात असतो. दोन्ही पद्धती एकमेकींसमोर ठेवल्या म्हणजेच काही कळतं. २०२४ च्या जानेवारीत त्याच भागाबद्दल आणखी एक अभ्यास आला. तो कार्बन डायऑक्साइडचा नाही, डांबरातून उडून जाणाऱ्या दुसऱ्या कार्बनयुक्त वाफांचा. तिथं तर कंपन्यांच्या आकड्याच्या वीस ते चौसष्ट पट निघालं.

याहून उंचावरूनही मोजणी चालू आहे. अमेरिकेनं २०१४ मध्ये सोडलेला एक उपग्रह पृथ्वीभोवती फिरत हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतो. त्याच्या नोंदींवरून एकेका वीज केंद्राचा वायू ओळखता येतो असं २०१७ मध्ये दाखवलं गेलं, आणि त्या उदाहरणांत आपल्या मध्य प्रदेशातलं सासनचं मोठं केंद्रही होतं. आणि हवाई बेटांवर मौना लोआ नावाच्या डोंगरावर १९५८ पासून रोज मोजणी चालते. तेव्हा दहा लाख कणांच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे ३१५ कण होते, आता ४२० च्या वर गेले. तो आकडा कुणाच्या वहीवर अवलंबून नाही.

परळी-गंगाखेडच्या बायांनी विचारलं तर आम्ही म्हणू, आपल्याला या वायूचा हिशेब दूरचा वाटायचं कारण नाही. २०१५ मध्ये पाऊस गेला, धरणं आटली आणि परळीचं थर्मल पाण्यावाचून बंद पडलं. त्या केंद्राला गोदावरीचं पाणी लागतं, आपल्या पाथरी तालुक्यातल्या मुदगल बंधाऱ्यातूनही ते गेलेलं आहे. पुढच्या एप्रिलात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. दुष्काळ एका चिमणीमुळे येत नाही, आणि तो आधीही येत होता. पण जळणातून वायू, वायूनं वाढती उष्णता, उष्णतेनं आटणारं पाणी आणि पाण्याविना बंद पडणारं जळणाचं केंद्र, ही साखळी आपल्याच नदीकाठी बघायला मिळते.

आता चुलीच्या कागदाकडे येऊ, कारण खरी निकड तिथं आहे.

एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जायचा वाचला तर त्याला एक कार्बन क्रेडिट म्हणतात. ते विकलं जातं. दूरचा एखादा कारखाना किंवा विमान कंपनी ते विकत घेते आणि म्हणते, मी सोडला तेवढा वायू दुसरीकडे वाचवला. आपल्या देशातही २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यवहाराची योजना जाहीर झाली. सुधारित चुलीनं लाकूड कमी जळतं, म्हणून चुलीवरही क्रेडिट मिळतं. चूल बाईच्या घरात, लाकूड बाईनं वाचवलं, पण क्रेडिटचा हक्क कंपनीला दिला असं बहुतेक कागदांत लिहिलेलं असतं. यात बेकायदा काही नाही. चूल फुकट किंवा स्वस्त मिळते ती त्याच पैशातून. पण बाईला ते माहीत असायला हवं.

वाचलेलं लाकूड मोजतात कसं? बऱ्याचदा मोजतच नाहीत, गुणकानं काढतात. इतक्या चुली दिल्या, इतक्या घरांत रोज वापरतात, जुन्या चुलीला इतकं लागत होतं, नवीला इतकं लागतं. आपण एक कल्पित घर घेऊ. जुन्या चुलीला रोज ६ किलो, नवीला ४ किलो. रोज २ किलो वाचले, वर्षाला ७३० किलो. लाकडाच्या किलोमागे दीड किलो वायू धरला तर सुमारे १.१ टन. कागदावर एक क्रेडिट आणि वर थोडं.

पण घरात काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. नवी चूल दोन महिने वापरली. भाकरी तिच्यावर नीट होत नाही म्हणून जुनी पुन्हा पेटली. पाहुणे आले, लग्नकार्य आलं, तर मोठं पातेलं नवीवर बसत नाही. समजा निम्मे दिवसच वापर झाला. झाले साडेपाचशे किलो. आता जळण काय आहे ते बघा. आपल्याकडे कापूस निघाला की पऱ्हाट्या, तूर निघाली की तुऱ्हाट्या, शिवाय गोवऱ्या. पऱ्हाटी दरवर्षी नवी उगवते आणि उगवताना हवेतला तोच वायू पुन्हा ओढून घेते. ती वाचवली तरी जंगल वाचलं असं होत नाही. तोडलेल्या झाडाच्या जागी नवं झाड आलंच नाही, अशा लाकडाचा वायूच खरा जास्तीचा. त्या घरातलं निम्मं जळण पऱ्हाट्यांचं असलं तर उरले पावणेतीनशे किलो. कागदावर ११००, खरे २७५.

हे आकडे समजावण्यासाठी आम्हीच धरले आहेत. पण खरा अभ्यासही याच दिशेनं बोलतो. २०२४ मध्ये छापलेल्या एका संशोधनात जगभरच्या चुलींच्या प्रकल्पांची तपासणी झाली आणि त्यांतून दिलेली क्रेडिट खऱ्या बचतीच्या जवळपास नऊ पट निघाली. कारणं हीच होती. वापर जास्त धरला, जुनी चूल चालूच आहे हे कमी धरलं, आणि सगळं लाकूड जंगल तोडून आणल्यासारखं धरलं. तेलवाळूत आकडा कमी लिहिला गेला, चुलीत जास्त. पण दोन्हीकडे हवेत जास्तीचा वायू राहतो, कारण आपल्या नावावरच्या नऊ क्रेडिटवर कुठेतरी नऊ टन सोडायला मोकळीक घेतली जाते आणि वाचलेला असतो एक.

यात बाईचा दोष नाही, आणि चूल वाईट असंही नाही. धूर कमी होत असेल, डोळे आणि छाती वाचत असेल, लाकडाचा भारा हलका होत असेल, तर कार्बनचं काहीही होवो, ती चूल घरात असावी. आमचं म्हणणं कागदापुरतं आहे.

मागे एका गावात सर्वेक्षणाला आलेल्या माणसानं "रोज वापरता ना?" असं विचारून उत्तराआधीच खूण केली. तिथल्या एका आजीनं त्याला थांबवलं. म्हणाली, "बाबा, सणाला मी जुनीवरच करते, ते लिही." त्यानं लिहिलं. चूल कुणी परत नेली नाही.

तर कागद वाचून घ्या, येत नसेल तर गटातल्या शिकलेल्या मुलीकडून मोठ्यानं वाचून घ्या, आणि सहीची एक प्रत आपल्याकडे राहू द्या. हक्क किती वर्षांसाठी दिला, चूल फुटली तर दुरुस्त कोण करणार, मोबदला काही आहे का, तो गटाला की घराला, हे सभेत विचारायचे प्रश्न आहेत. एकटीनं दारात उभ्याउभ्या विचारायचे नाहीत. आणि वापर किती तो खरा सांगा.

मोजायचं असेल तर आपणही मोजू शकतो. स्वयंपाकघरात जळण मोजण्याची एक साधी रीत शास्त्रज्ञही वापरतात. सकाळी दिवसभराचं जळण तोलून वेगळं ठेवायचं, त्यातूनच वापरायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेलं तोलायचं. घरात किती माणसं जेवली ते लिहायचं. असं सलग तीन-चार दिवस. लाकूड, पऱ्हाट्या आणि गोवऱ्या वेगळ्या तोलायच्या. ओलं जळण जास्त भरतं म्हणून पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात एकेकदा. भाजी तोलायचा लटकता काटा पुरतो, बऱ्याच गटांकडे तो आहेच.

सेलू आणि मानवतकडच्या काही गटांनी या महिन्यात दहा-दहा घरांत हे करायचं ठरवलं आहे, पाच घरं नव्या चुलीची, पाच जुन्या. नोंदीचा तक्ता ग्रामसंघाच्या बैठकीत मिळेल. चार रकाने आहेत, तारीख, जळणाचा प्रकार, सकाळचं वजन, उरलेलं वजन. ज्या गटांना सामील व्हायचं आहे त्यांनी आपल्या सहयोगिनीला अमावास्येच्या आत सांगावं, म्हणजे काटे पुरवून वापरता येतील.